चोवीस तासांच्या सांभाळाची किंमत: मेंदूला इजा झालेल्या एका मुलीचा अपघात दावा

प्रकरण हरियाणातलं आहे. १८ ऑक्टोबर २००७ रोजी बारा वर्षांची एक मुलगी आई-वडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून चालली होती. हयगयीने चालवलेल्या एका ट्रकने ट्रॅक्टरला धडक दिली. मुलीचा जीव वाचला, पण डोक्याला बसलेल्या माराने मेंदूला कायमची इजा झाली. पुढे चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या रुग्णालयात तिची तपासणी झाली. बुद्ध्यांक त्या वयाच्या मुलांच्या २० टक्क्यांहूनही कमी, सामाजिक वय नऊ महिन्यांच्या बाळाइतकं, चारही हातापायांत तीव्र अशक्तपणा, लघवीवर ताबा नाही आणि अपंगत्व १०० टक्के, असं तिच्याबद्दल नोंदलं गेलं.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने, म्हणजे वकिलांच्या रोजच्या बोलण्यातल्या ट्रिब्युनलने, तिला ११,०८,५०१ रुपये दिले. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने ती रक्कम २५,७८,५०१ वर नेली. ५ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने ६२,२७,००० रुपये आणि त्यावर ७.५ टक्के व्याज मंजूर केलं. मुलगी तीच, इजा तीच, कायदाही तोच. रक्कम मात्र पहिल्या निकालाच्या साडेपाच पटींवर गेली.

ही तफावत कुठून आली ते समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांच्या दाव्यांत अजूनही बरीच भांडणं ‘कमाई किती बुडाली’ एवढ्याच प्रश्नाभोवती फिरतात. या माणसाला उद्या सकाळी कोण उठवणार, कोण पुसणार, रात्री कूस कोण बदलणार, हा प्रश्न मागे पडतो. या मुलीच्या दाव्यात शेवटी त्याच प्रश्नाला सगळ्यात मोठा आकडा मिळाला.

कमाईचा हिशेब

खालच्या दोन्ही न्यायालयांनी मुलीचं काल्पनिक उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलं होतं. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला १९९४ साली जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत न कमावणाऱ्या व्यक्तीचं उत्पन्न वर्षाला १५,००० धरावं असं लिहिलेलं होतं. अपघात झाला तोपर्यंत तो आकडा तेरा वर्षांचा जुना झाला होता, तरी ट्रिब्युनलं लहान मुलांच्या दाव्यात सवयीने तोच उचलत. पंधरा हजारांना अठराने, म्हणजे अशा दाव्यांत वयानुसार ठरलेल्या आकड्याने, गुणलं तर २,७०,००० रुपये होतात. एका अख्ख्या आयुष्याची कमाई एवढीच.

सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं नाही. ही मुलगी शिकली असती, मोठी होऊन काहीतरी काम तिने केलंच असतं, आणि त्यातून वर्षाला पंधरा हजारांपेक्षा कितीतरी जास्त मिळवलं असतं, असं न्यायालयाने म्हटलं. मुलीच्या वकिलांनी कुशल कामगाराच्या किमान वेतनाचा सरकारी दर समोर ठेवला होता: महिन्याला ४,८४६ रुपये. त्यात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवले, म्हणजे महिन्याला ६,७८४ रुपये ४० पैसे झाले. वर्षाचे ८१,४१२ रुपये ८० पैसे. त्याला तोच १८ चा मल्टिप्लायर, म्हणजे गुणक, लावून रक्कम आली १४,६६,०००.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा मोठा फरक एका साध्या कागदाने घडवला. किमान वेतनाची अधिसूचना कुणालाही मिळू शकते, तिच्यासाठी तज्ज्ञ साक्षीदार लागत नाही. ज्याचं उत्पन्न सिद्ध करणारा कागद नाही, अशा शेतमजुराच्या, गृहिणीच्या, विद्यार्थ्याच्या दाव्यात ती पहिल्या दिवसापासून फाइलीत असायला हवी. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ती दाखवावी लागावी, ही वेळ कुणावर येऊ नये.

मल्टिप्लायरबद्दलही सांगायला हवं, कारण दावा करणाऱ्या घरांत यावरून नेहमी गोंधळ असतो. माणूस आणखी चाळीस वर्षं जगणार असेल तर चाळीस वर्षांचे पैसे का मिळत नाहीत? कारण भरपाई एकरकमी मिळते आणि एकरकमी पैशावर व्याज सुटतं. शिवाय पुढच्या आयुष्यातल्या अनिश्चित गोष्टीही त्यात धरलेल्या असतात. म्हणून वयानुसार ठरलेला एक आकडा वापरतात. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली त्याचा तक्ता पक्का केला. १५ ते २५ वयाला १८, ३१ ते ३५ ला १६, ४१ ते ४५ ला १४, असा तो उतरत जातो. भविष्यातल्या वाढीचे टक्के २०१७ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवून दिले. कायम नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाला ४० टक्के, हे तिथलंच.

सांभाळाचा हिशेब

उच्च न्यायालयाने अटेंडंटसाठी महिन्याला २,५०० रुपये धरले आणि ते ४४ वर्षांचे मोजले. झाले १३,२०,०००. त्यांनी दिलेल्या एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त वाटा हाच होता, म्हणजे सांभाळाचं महत्त्व त्यांनाही कळलं होतं. पण दिवसाला ८३ रुपयांत चोवीस तास कोण थांबणार?

सर्वोच्च न्यायालयाने दोन बदल केले. पहिला बदल वरवर मुलीच्या विरोधातला होता. वर्षं मोजून गुणाकार करायची पद्धत बरोबर नाही, अटेंडंटच्या खर्चालाही मल्टिप्लायरच लावायला हवा, असं न्यायालयाने सांगितलं. तेवढाच बदल करून ते थांबले असते तर २,५०० च्या हिशेबाने ५,४०,००० रुपयेच हाती आले असते. दुसऱ्या बदलाने चित्र पालटलं. मुलीला लघवी-संडासवर ताबा नाही. मासिक पाळीही तिला स्वतःहून सांभाळता येणार नाही. ती अंथरुणाला खिळलेली आहे, तिला बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून कुणीतरी सतत लक्ष ठेवायला हवं. अटेंडंट वैद्यकीय शिक्षण घेतलेली नसली तरी चालेल, पण अंथरुणातल्या मुलीला सांभाळण्याजोगी हवी, आणि जवळजवळ चोवीस तास हवी. म्हणून एक नाही, दोन अटेंडंट. प्रत्येकीचे महिन्याला ५,००० रुपये. वर्षाचे १,२०,०००. अठराने गुणून २१,६०,०००.

निकालपत्रात हे सगळं मिळून एकच परिच्छेद आहे, पण संपूर्ण निकाल त्यावर उभा आहे असं मला वाटतं. न्यायमूर्तींनी अपंगत्वाच्या टक्केवारीकडून नजर काढून अंथरुणाकडे पाहिलं.

त्या अंथरुणाजवळ प्रत्यक्ष काय चालतं? स्वतःहून हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. दिवसरात्र मिळून बारा वेळा, त्यातल्या चार-पाच वेळा ऐन झोपेत. माकडहाड, नितंबांची हाडं, टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू, एवढ्या जागा दर वेळी नजरेखालून घालायच्या. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावर लाली गेली नाही, तर बेडसोरची सुरुवात झाली असं समजायचं. चादरीची एक घडी किंवा ओला राहिलेला डायपर एवढंही पुरतं. जखम हाडापर्यंत गेली तर बरी व्हायला महिनोन्‌महिने लागतात, आणि तिच्यातला जंतुसंसर्ग रक्तात गेला तर माणूस दगावतो. खाताना मान नीट धरली नाही तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. हातापायांना रोज हालचाल दिली नाही तर सांधे आखडतात, आणि मग कपडे बदलणंसुद्धा दोघींचं काम होऊन बसतं. हे वर्षातले सगळे दिवस चालतं, सणावारी आणि आजारपणातही. आपल्याकडे बहुतेक घरांत हे काम आई करते, तिचं स्वतःचं काम सुटतं, कंबर जाते आणि कुठल्याच कागदावर त्याची नोंद नसते. विमा कंपनीचे वकील मग म्हणतात की अटेंडंट ठेवलेलाच नाही, तर खर्च कसला? या निकालाने गरज काय आहे ते पाहिलं. आई हे फुकट करते म्हणून ते काम फुकटचं ठरत नाही.

एवढं असूनही या हिशेबात एक उणीव राहिली असं माझं मत आहे. अटेंडंटचे ५,००० रुपये हे हरियाणाच्या २०१० च्या वेतन अधिसूचनेवरून आले. निकाल २०२० चा. मुलीच्या बुडालेल्या कमाईत भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले, पण अटेंडंटच्या पगाराला तशी वाढ दिली नाही. जो पगार वाढणार म्हणून मुलीच्या उत्पन्नात भर घातली, तोच पगार तिला सांभाळणाऱ्या बाईचा मात्र वाढणार नाही, असं का धरायचं? २१,६०,००० रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १,५१,२०० व्याज सुटतं. आज त्यातून दोघींचे पाच-पाच हजार भागतील. पंधरा वर्षांनी वाढलेले पगार भागणार नाहीत, आणि तेव्हा आई-वडील म्हातारे झालेले असतील. पुढच्या दाव्यांत वकिलांनी निकालाच्या दिवशीचा वेतनदर मागावा आणि वाढीचाही आग्रह धरावा.

बाकीच्या रकमा

वेदना, यातना आणि आयुष्यातला आनंद हिरावला गेल्याबद्दल १५,००,०००. लग्नाची शक्यता गेल्याबद्दल ३,००,०००. पुढच्या औषधोपचारांसाठी ५,००,०००. उरलेले सुमारे तीन लाख उपचार, रुग्णालय आणि तत्सम खर्चापोटी.

पंधरा लाखांच्या आकड्याला कसलंही गणित नाही, असूही शकत नाही. खेळणं, शाळा, मैत्री, प्रेम, स्वतःचं मूल यातलं काहीच तिच्या वाट्याला येणार नाही, आणि काय गेलं हेही तिला समजणार नाही. त्या न समजण्यामुळे भरपाई कमी व्हावी असा युक्तिवाद अशा दाव्यांत होऊ शकतो. तो न पटणारा आहे. यातना जाणवत नाहीत म्हणून नुकसान लहान ठरत नाही.

मागणीपेक्षा जास्त रक्कम देता येते का, हाही मुद्दा निकालात आहे. कायद्याच्या कलम १६८ नुसार ट्रिब्युनलने ‘न्याय्य’ भरपाई द्यायची असते. ती दाव्यात मागितलेल्या आकड्यापेक्षा जास्त निघत असेल तर जास्त द्यावी, आणि दावेदार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल असेल तर हे आणखीच लागू होतं, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. घाबरून किंवा अंदाज न आल्याने कमी मागणी लिहिलेल्या कुटुंबांसाठी ही मोठीच सोय आहे.

हेच मज्जारज्जूच्या इजेत

अपघाताच्या वेळी पाच वर्षांच्या असलेल्या एका मुलाचा दावा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अपघातात त्याचे दोन्ही पाय कायमचे लुळे पडले होते. न्यायालयाने या मुलीच्या निकालाचा आधार घेऊन त्याला ४९,९३,००० रुपये दिले. म्हणजे मेंदूसाठी केलेला हिशेब मज्जारज्जूलाही लागू पडला.

तिथलं दुखणं मात्र वेगळं असतं. बुद्धी शाबूत राहते आणि इजेच्या खालचं शरीर हुकमात राहत नाही. इजा मानेत असेल तर चारही हातपाय जातात, आणि ती मानेच्या वरच्या मणक्यांत असेल तर श्वासही यंत्रावर येऊ शकतो, कारण श्वासपटलाला जाणाऱ्या नसा मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतात. पाठीत असेल तर पाय, मूत्राशय आणि आतडी. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा तिच्या वर इजा असलेल्यांना आणखी एक धोका असतो. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तुंबून मूत्राशय भरलं किंवा पोट साफ झालं नाही, की रक्तदाब एकदम चढतो. वेळेत कारण दूर केलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रुग्णाला बोलता येतं, फोन करता येतो, मग चोवीस तास माणूस कशाला, असं विरुद्ध बाजूने विचारलं तर डॉक्टरांच्या साक्षीतून हेच बाहेर काढायला हवं.

टक्केवारीचा घोळही इथे जास्त होतो. वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावरचे टक्के आणि कमाईची क्षमता किती गेली याचे टक्के या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. दाखल्यावर ८० टक्के असले तरी गवंड्याची कमाई १०० टक्के बुडते. खुर्चीत बसून काम करणाऱ्याची तितकी बुडेलच असं नाही. दाव्यात त्या माणसाचं रोजचं काम काय होतं ते तपशिलात लिहावं लागतं.

मेंदूच्या इजांत याहून अवघड प्रकरणं असतात. या मुलीची अवस्था कोर्टाच्या डोळ्यांना दिसत होती. पण कित्येकजण डोक्याला मार बसल्यावर चालत-बोलत घरी येतात, स्कॅनही हळूहळू निवळतं, आणि मग घरच्यांना कळतं की माणूस बदलला आहे. राग आवरत नाही, सकाळी सांगितलेलं संध्याकाळी आठवत नाही, पैशाचा व्यवहार जमत नाही, नोकरी टिकत नाही. अशा वेळी मानसशास्त्रज्ञाकडून स्मरण, एकाग्रता आणि निर्णयक्षमतेच्या सविस्तर चाचण्या करून घ्याव्यात आणि मालकाची, सहकाऱ्यांची साक्ष घ्यावी. नुसता हाडांच्या डॉक्टरांचा दाखला जोडून असे दावे उभे राहत नाहीत.

घरच्यांनी हाताशी काय ठेवावं

एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीची आणि विम्याची कागदपत्रं पोलिसांकडून मिळतात, आणि ती मिळवायला बहुतेक वकील मदत करतात. कमी पडतं ते सांभाळाचं पुढचं दप्तर. डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनच्या प्रती तर हव्यातच. त्यांच्याबरोबर एक साधी वही ठेवा. कोण रात्री जागलं, कुठे जखम झाली, डायपर-कॅथेटर किती लागले, फिजिओथेरपीला नेताना गाडीला किती दिले, हे तारखेसह लिहा. अटेंडंटला रोख पैसे देत असाल तर पावतीवर तिची सही घ्या. ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांना साक्षीला बोलवा आणि पुढच्या आयुष्यात काय काय लागणार ते त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्या. दाखला नुसता फाइलीला लावून भागत नाही.

मुदतीचंही भान हवं. कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, आणि तिच्यानुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. डोक्याच्या किंवा पाठीच्या इजेत पहिले सहा महिने आयसीयू, शस्त्रक्रिया आणि उधारीत जातात. अपंगत्वाचा दाखला यायचाय म्हणून थांबू नका, दावा आधी दाखल करा, दाखला मागून जोडता येतो. अपघात दूर कुठे झाला असला तरी दावेदार जिथे राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्येही दावा चालतो, त्यामुळे रुग्णाला सोडून शेकडो किलोमीटर खेपा घालायची गरज नाही.

पैसे आल्यानंतर

निकाल लागला तेव्हा ती मुलगी चोविशीत होती. अपघातानंतरची बारा वर्षं सांभाळ घरच्यांनीच निभावला होता. अशा दाव्यांत मोठी रक्कम मिळाली की ट्रिब्युनल सहसा ती राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतं, व्याज ठराविक काळाने पालकांच्या हाती येतं आणि मोठ्या उपचारासाठी मुद्दल हवं असेल तर अर्ज करावा लागतो. काही कुटुंबांना हे जाचक वाटतं. मला ही अट योग्य वाटते, कारण हे पैसे आई-वडील गेल्यानंतरही पुरायला हवेत.

त्यासाठी आणखी एक काम वेळेत उरकावं लागतं. अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं, मुलाची समज नऊ महिन्यांच्या बाळाइतकी असली तरी. मग बँक सही मागते आणि सही करणारं कुणी उरत नाही. बहुविकलांगता आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती नेमण्याची तरतूद आहे आणि तिच्याकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. कोमात असलेल्या किंवा अपघातानंतर समज गमावलेल्या प्रौढासाठी वकिलाच्या सल्ल्याने न्यायालयाकडूनच पालकाची नेमणूक करून घ्यावी लागते. हा अर्ज भरपाईचा दावा चालू असतानाच करून ठेवावा, आणि आई-वडिलांनंतर पालक कोण होणार, भाऊ, बहीण की आणखी कुणी, हेही घरात बसून तेव्हाच ठरवावं.